बांधाचं बिल

झाडांची पानं गळाली की इंग्लंडच्या मिडलंड्स भागात शेतांच्या कडेला कोयत्याचे घाव ऐकू येऊ लागतात. हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपांची रांग, मनगटाएवढी जाड खोडं आणि हातात जाड चामडी मोजे घातलेला एक माणूस. बुंध्यापाशी तो तिरका घाव घालतो. खोड जवळजवळ तुटतं. शिल्लक राहते ती साल आणि तिला चिकटलेली लाकडाची बोटभर पट्टी. मग आजाऱ्याला खाटेवर निजवावं तसं ते अख्खं झाड तो अलगद आडवं करतो. एकावर एक अशी खोडं रेलून पडतात, मध्ये हातभर अंतरावर खुंट ठोकले जातात आणि वरून हेझलच्या लवचिक फांद्यांची वेणी घातली जाते. त्या बोटभर पट्टीतून रस चढत राहतो. वसंतात आडव्या खोडातून सरळ वर धुमारे फुटतात आणि दोन-तीन वर्षांत असं दाट कुंपण उभं राहतं की बैलाने छाती टेकली तरी हलत नाही. या कुंपणाला तिथे 'हेज' म्हणतात. कोकणातली वई डोळ्यांसमोर आणा, फक्त ती मुळांवर उभी आहे असं समजा.

हे कुंपण नव्याने लावायला सरकार पैसे देतं. २०२३मध्ये इंग्लंडमधला जाहीर दर होता मीटरला २२ पौंड ९७ पेन्स. पेन्सपर्यंत हिशेब! गंमत अशी, की साधारण साठ वर्षांपूर्वी त्याच सरकारचं कृषी खातं हीच हेज मुळासकट उपटायला अनुदान देत होतं. त्याच्याही दीड-दोनशे वर्षं आधी पार्लमेंटनेच कायदे करून ती लावायला लावली होती. म्हणजे एकाच बांधाचं बिल तीनदा निघालं. लावायचं शेतकऱ्याच्या नावावर, उपटायचं आणि पुन्हा लावायचं करदात्याच्या नावावर.

ब्रिटनच्या सुमारे सत्तर टक्के भूभागावर शेती आहे, पण राष्ट्रीय उत्पन्नात तिचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. इतका लहान धंदा आणि त्याच्यावर सरकारचा इतका हात, असं दुसरं उदाहरण तिथे सापडणं कठीण. म्हणून धोरणाने शेत, गाव आणि माणूस कसा बदलतो ते पाहायला हा बांध सोयीचा आहे.

मुळात इंग्लंडच्या मोठ्या भागात बांधच नव्हते. गावाभोवती दोन-तीन प्रचंड मोकळी रानं असत आणि त्यांत एकेका कुटुंबाच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या असत. एक पट्टी इथे, दुसरी ओढ्यापलीकडे, तिसरी टेकाडावर. काय पेरायचं, गुरं कधी सोडायची हे गाव मिळून ठरवी. शिवाय गायरान होतं. ज्याच्या नावावर वावभर जमीन नाही त्यालाही तिथे गाय चारता येई, बदकं सोडता येत, सरपण गोळा करता येई.

ही व्यवस्था पार्लमेंटने मोडली. १६०४ ते १९१४ या काळात एन्क्लोजरची, म्हणजे कुंपणबंदीची, पाच हजारांवर विधेयकं आली आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात गेली. सगळ्यांत जोर होता तो १७६० नंतर. कायदा झाला की कमिशनर गावात येत, साखळीने जमीन मोजत, नकाशावर पट्टीने सरळ रेषा ओढत आणि ज्याला त्याला एकत्र तुकडा वाटून देत. अट एकच, की ठरलेल्या मुदतीत आपल्या तुकड्याला कुंपण घालायचं. मोठ्या जमीनदाराला हा खर्च किरकोळ होता. चार-पाच एकरवाल्याला तो झेपेना, त्याने तुकडा विकला. ज्याच्याकडे फक्त गायरानावरचा रिवाज होता आणि कागद नव्हता, त्याला काहीच मिळालं नाही. तेव्हाच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन गावचा जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी अशाच एका गावात वाढला. त्याच्या गावासाठीचा कायदा १८०९चा. आपलं गाव कुंपणात जाताना पाहिलेल्या माणसाच्या कविता म्हणून इंग्रजी साहित्यात त्याच्या कवितांना आजही जागा आहे.

एन्क्लोजरने उत्पादन वाढलं का? वाढलं. सलग तुकड्यात सलगम आणि क्लोव्हरची फेरपालट करता आली, निवडक मेंढ्यांची पैदास करता आली. किती वाढलं आणि त्याचं श्रेय कुंपणाला किती, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. गायरान गेलेल्यांना मात्र या वादाचा उपयोग नव्हता. ते मजूर झाले, नाहीतर गिरणीच्या गावाला गेले.

जाता जाता एक आठवण आपल्या अंगणातली. कुंपणाचं हे वेड इंग्रजांनी हिंदुस्थानातही आणलं. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून सिंधूपासून दक्षिणेकडे दोन हजारांवर मैलांची जकातीची रेषा आखली गेली आणि तिच्या मोठ्या भागावर बाभळी-निवडुंगाचं जिवंत कुंपण वाढवलं गेलं. ते आपल्या बऱ्हाणपूरपर्यंत येऊन भिडलं होतं. ते जोमाने वाढवणारा जकात अधिकारी होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसची स्थापना करणारा तोच. १८७९मध्ये ही रेषा बंद झाली आणि कुंपण इतकं नाहीसं झालं की आज शोधूनही त्याच्या तुरळक खुणाच सापडतात.

इंग्लंडात बांध घालणारे जमीनदार पार्लमेंटमध्येच बसत होते, तेव्हा पुढचा कायदाही त्यांच्या सोयीचाच झाला. १८१५च्या कॉर्न लॉने ठरवलं, की देशात गव्हाचा भाव क्वार्टरला (हे तिथलं धान्याचं माप) ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू विकायला येऊ द्यायचा नाही. पाव महागला. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी विरोधात संघटना उभी केली. जेम्स विल्सनने १८४३मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' काढलं ते याच भांडणासाठी. हाच विल्सन पुढे कलकत्त्याला अर्थखातं सांभाळायला आला आणि १८६० साली आपल्या माथी प्राप्तिकर मारून गेला. १८४६मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी कॉर्न लॉ रद्द केला. त्यापायी त्यांचा पक्ष फुटला.

पहिली पंचवीस वर्षं काही बिघडलं नाही. मग अमेरिकेच्या प्रेअरीत रेल्वे गेली, सुएझ कालवा उघडला, १८८२मध्ये 'डनेडिन' नावाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला लागलं. पाव स्वस्त झाला आणि इंग्लंडमधली गव्हाखालची जमीन पंचवीसेक वर्षांत निम्म्याहून खाली आली. शेतं गवताला सोडली गेली, मजूर शहरात नाहीतर कॅनडात गेले. सरकारने शहराचा पाव निवडला होता आणि तो निर्णय जवळपास शंभर वर्षं टिकला. मधे पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी धान्याची जहाजं बुडवली तेव्हा १९१७मध्ये घाईघाईने हमीभाव दिला गेला. १९२१मध्ये बाजार कोसळल्यावर तितक्याच घाईने तो काढून घेतला. तिथल्या शेतकरी घरांत त्याला 'मोठा दगा' म्हणतात.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटन आपल्या ताटातला जवळजवळ दोन तृतीयांश घास बाहेरून आणत होतं. पुन्हा पाणबुड्या आल्या. या वेळी सरकारने हमीवर न थांबता नांगरच हातात घेतला. प्रत्येक परगण्यात युद्धकालीन कृषी समिती नेमली. लोकांच्या तोंडी ती 'वॉर ॲग'. तिचे सभासद बहुतेक स्थानिक शेतकरीच होते. म्हणजे काल बाजारात शेजारी उभा असलेला माणूस आज हुकूम घेऊन दारात. कुरण मोडून नांगराखाली आणलं तर एकरी दोन पौंड. कुठल्या शेतात बटाटा लावायचा आणि कुठल्यात गहू, हे समिती सांगे. ऐकलं नाही तर जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार तिला होता. हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याने १९४० साली रान नांगरायला नकार दिला, घर सोडायला नकार दिला, बंदूक घेऊन आत बसला आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडला.

१९४१ ते ४३ या काळात पाच एकरांवरच्या प्रत्येक शेताची पाहणी झाली. पाहणारे जमिनीबरोबर माणसालाही गुण देत: अ, ब किंवा क. पूर्ण गुण नसतील तर कारण लिहायचं, म्हातारपण, भांडवल नाही की 'व्यक्तिगत दोष'. हे कागद आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही पाहता येतात. आपला आजोबा सरकारदरबारी कोणत्या इयत्तेत होता हे नातवंडांना तिथे जाऊन वाचता येतं! आपल्या सातबारावर एवढं तरी लिहीत नाहीत.

युद्ध संपलं, पण उपासाची धास्ती संपली नाही. युद्धात कधी पावाला रेशन लागलं नव्हतं, ते १९४६मध्ये लागलं. या धास्तीतून ॲटली सरकारचे कृषिमंत्री टॉम विल्यम्स यांनी १९४७चा कृषी कायदा आणला. विल्यम्स मूळचे खाणकामगार. या एका कायद्याने ब्रिटनच्या शेताचं रूप पुढच्या चाळीस वर्षांत जितकं बदललं तितकं आधीच्या चारशे वर्षांत बदललं नसेल, असं माझं मत आहे.

कायद्याचा गाभा साधा होता. दरवर्षी फेब्रुवारीत मंत्रालय आणि शेतकरी संघटना एका टेबलाशी बसतील, खर्चाचे आकडे मांडतील आणि मुख्य पिकांचे भाव ठरवतील. आपल्याकडे १९६५मध्ये प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषी मूल्य आयोग नेमला गेला, त्याची ही थोरली बहीण. फरक पुढच्या पायरीवर आहे. आपल्याकडे भाव टिकवायला सरकार गोदाम उघडतं आणि माल विकत घेतं. ब्रिटनमध्ये १९५४ला रेशनिंग संपल्यावर सरकारने खरेदीतून हात काढून घेतला. शेतकऱ्याने गहू बाजारात मिळेल त्या भावाला विकायचा. समजा हमी शंभरची आहे आणि बाजारात सरासरी ऐंशी मिळाले, तर वरचे वीस सरकार चेकने धाडणार. यामुळे शहरातला पाव जगाच्या बाजारभावाने स्वस्त राहिला आणि शेतकऱ्याचा भाव मात्र बांधला गेला. मधली फट करदात्याने भरली.

ही कल्पना वाचताना मध्य प्रदेशची २०१७ची भावांतर योजना आठवली असेल तर बरोबर आठवली. फट सरकार भरणार हे कळल्यावर व्यापाऱ्यांनी सोयाबीनचे भाव पाडले, अशी ओरड तिथे पहिल्याच हंगामात झाली. ब्रिटनमध्ये धान्याचा भाव प्रामुख्याने जागतिक बाजार ठरवत होता. चार आडत्यांनी ठरवून तो पाडणं कठीण होतं. योजना तीच, पण तिच्याखालची बाजारपेठ वेगळी.

भाव पक्का झाल्यावर शेतकऱ्याने जे करायचं तेच केलं. जास्तीत जास्त पिकवलं. हेक्टरी अडीच टनांवर असलेला गहू पुढे आठ टनांवर गेला. नवं बियाणं आलं. खत, पाण्याचा निचरा, यंत्र यांना अनुदान होतं. आणि इथे आपला बांध आडवा आला. दहा एकरांच्या तुकड्यात कम्बाइन हार्वेस्टर सारखा वळवावा लागतो. डिझेल जातं, वेळ जातो, कोपरे कापायचे राहतात. मिश्र शेती मोडून कोणी नुसतं धान्य, कोणी नुसती गुरं असं झालं होतं. धान्यवाल्याच्या शेतात अडवायला बैलच नव्हता. मग बुलडोझर आले. त्यांच्या भाड्याचा काही भाग सरकारने दिला. नॉरफोक, लिंकनशायर, केंब्रिजशायरकडे तीन-चार शेतांचं मिळून एक-एक माळरान झालं. नव्वदच्या दशकापर्यंत देशातल्या निम्म्या हेज गेल्या असाव्यात. फुलांची कुरणं तर सत्त्याण्णव टक्के गेली, आणि त्यांच्याबरोबर तित्तर, चंडोल, भुंगे. यात शेतकऱ्याला खलनायक करणं सोपं आहे. पण त्याला सरकारी कृषी सल्लागार घरी येऊन समजावून सांगत होता, की हे काढून टाक, अर्धे पैसे आम्ही देतो.

कुळांचंही त्याच सुमारास ठरलं. १९४८ साली मुंबई इलाख्यात कूळकायदा आला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कुळाला तहहयात संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाला कूळ मालक झालं. तिथे कूळ कूळच राहिलं, फक्त त्याला काढता येईना. परिणाम? मालकांनी जमीन कुळाला देणंच कमी केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ नव्वद टक्के जमीन कुळं कसत होती, आज ते प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे.

१९४७ सालीच आणखी एक कायदा झाला, नगर आणि ग्रामनियोजनाचा, आणि गावाच्या दृष्टीने तो कृषी कायद्याइतकाच भारी ठरला. त्यामागे १९४२चा स्कॉट समितीचा अहवाल होता. समितीचं म्हणणं असं, की शेती भरभराटली की गाव आपोआप भरभराटेल, तेव्हा शेतजमिनीवर घरं आणि कारखाने येऊ देऊ नका. प्रा. डेनिसन या एकाच सदस्याने वेगळं मत नोंदवलं. खेड्यात चार उद्योग आले तर मजुराचं भलं होईल, त्याला निसर्गचित्रात कोंडून ठेवू नका, अशा अर्थाचं. त्यांचं कोणी ऐकलं नाही. नव्या कायद्यात गावकऱ्याला घर बांधायला परवानगी लागू लागली, पण शेतकामाला त्यातून सूट होती. एक मैल हेज उपटायला १९९७पर्यंत कोणाची परवानगी लागत नव्हती! ट्रॅक्टरने मजूर घालवले, नवी घरं बांधायला कडक बंधनं, मग गावातली जुनी घरं घेतली ती लंडनच्या वकिलांनी आणि निवृत्त बँकवाल्यांनी. कॉर्नवॉलमध्ये किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये वाढलेल्या पोराला आपल्याच गावात घर घेणं आज परवडत नाही.

१९७३मध्ये ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारात गेलं आणि खिसा बदलला. युरोपची पद्धत उलटी होती. बाहेरच्या मालावर कर लावून भाव चढा ठेवायचा आणि जास्त झालेला माल सरकारने उचलायचा. म्हणजे आता ग्राहक भरणार. लोण्याचे डोंगर आणि वाइनची तळी हे शब्द तेव्हाचे. दूध इतकं झालं की १९८४च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत प्रत्येक गोठ्यावर कोटा बसला, आणि तो २०१५पर्यंत राहिला. कोटा ही गायीपेक्षा मौल्यवान वस्तू झाली. तो विकता येई, भाड्याने देता येई. काहींनी गाई काढल्या आणि कोट्याच्या भाड्यावर घर चालवलं. पुढे धान्याचंही तेच झालं. १९९२च्या सुधारणेत मोठ्या धान्यउत्पादकाला सांगितलं, की पंधरा टक्के जमीन पड ठेव, तर पैसे मिळतील. नांगरायचे पैसे घेतलेल्याच्या मुलाला न नांगरण्याचे पैसे मिळू लागले.

डोंगराळ भागात डोकं मोजून अनुदान होतं, म्हणून मेंढ्या वाढल्या आणि डोंगर बोडके झाले. अनुदानासाठी वर्षाच्या ठरावीक काळात मेंढ्यांचा आकडा कागदाबरहुकूम भरावा लागे. त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी देशभर मेंढ्यांची ने-आण वाढे. फेब्रुवारी २००१मध्ये लाळ्या-खुरकुताचा विषाणू आला तो नेमका या हंगामात. एसेक्समधल्या कत्तलखान्यात तो सापडला तेव्हा कम्ब्रियातल्या लाँगटाउनच्या बाजारातून तो दूरदूर पोहोचलेला होता.

पुढचे सात महिने ब्रिटनच्या ग्रामीण भागाने जे पाहिलं ते आपल्याकडच्या दुष्काळाच्या वर्षासारखं पिढ्यांच्या लक्षात राहिलं आहे. साठ लाखांवर जनावरं मारली गेली. त्यातली बरीचशी निरोगी होती, फक्त शेजारच्या शेतात रोग निघाला होता. रस्त्यांवर जंतुनाशकात भिजवलेल्या गवताच्या गाद्या, शेतात पेटलेल्या चिता, चारी पाय आकाशाकडे केलेल्या गाई. ३ मेला व्हायची म्हणून धरलेली सार्वत्रिक निवडणूक ७ जूनवर गेली. पण धोरणाच्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळीच आहे. सरकारने रोग पसरू नये म्हणून पायवाटा बंद केल्या, आणि बंद झाल्या त्या गिर्यारोहकांच्या खाणावळी, न्याहारीसह खोली देणाऱ्या बायका, तंबूची मैदानं, पब. मारलेल्या जनावराची भरपाई शेतकऱ्याला मिळाली. रिकाम्या खोलीची भरपाई कोणाला नाही. एकूण सुमारे आठ अब्ज पौंडांचा फटका बसला. त्यात सरकारी तिजोरीचा वाटा तीन अब्जांवर होता आणि खासगी नुकसानातला मोठा वाटा पर्यटनाचा निघाला. स्कॉट समितीचं 'शेती म्हणजेच गाव' हे समीकरण साठ वर्षांनी असं उघडं पडलं. गाव आता शेतीवर जगत नव्हतं, शेतीच्या देखाव्यावर जगत होतं. त्याच जूनमध्ये कृषी मंत्रालयाच्या जागी डेफ्रा आलं. पर्यावरण, अन्न आणि ग्रामव्यवहार खातं. नावातून शेती गेली.

नंतर युरोपने पिकाशी आणि जनावराशी पैशाचं नातं तोडून ते थेट जमिनीशी जोडलं. शेवटी शेवटी इंग्लंडच्या सखल भागात हेक्टरी सुमारे २३३ पौंड मिळत, तेव्हाच्या दराने एकरी नऊ हजार रुपयांच्या आसपास. जितकी जमीन तितका चेक. तेलंगणच्या 'रयतु बंधू' योजनेवर जी टीका झाली तीच इथे: मोठ्याला मोठा, छोट्याला छोटा, आणि कसणाऱ्या कुळाच्या हातून मालकाच्या खंडात. हेक्टरी पैसे मिळणार हे पक्कं झालं की खंड वाढतो, जमिनीचा भाव वाढतो. शेतकऱ्याला द्यायला निघालेले पैसे वाटेत मातीला चिकटतात. दरम्यान मेंढपाळाची मेंढी तोट्यात आणि घर चालतं ते चेकवर, अशी अनेक डोंगराळ घरांची स्थिती होती.

ब्रेक्झिटमुळे हे बदलायची संधी आली. डेफ्राचे तेव्हाचे मंत्री मायकल गोव्ह यांनी घोषणा दिली, जनतेचा पैसा जनतेच्या कामासाठी. २०२० साली नवा कृषी कायदा झाला. जमिनीचे पैसे २०२१ ते २०२७ या काळात कमी करत शून्यावर आणायचे आणि माती, पाणी, पक्षी, हेज यांसाठी द्यायचे. कागदावर हे मला तरी गेल्या शंभर वर्षांतलं सर्वांत शहाणं धोरण वाटतं. जुना चेक ठरल्याप्रमाणे आटत गेला. २०२५मध्ये कितीही मोठी जमीन असली तरी जास्तीत जास्त ७,२०० पौंड. नव्या योजनेत हेज नीट राखली तर २०२४च्या दराने शंभर मीटरला, एका बाजूचे, १३ पौंड. आणि ११ मार्च २०२५ला संध्याकाळी सरकारने जाहीर केलं, की पैसे संपले, नवे अर्ज बंद. आधी सहा आठवड्यांची पूर्वसूचना देऊ असं सांगितलं होतं. अर्ज अर्धा भरून ठेवलेल्यांना कळलं ते बातम्यांत. '१९२१' हा आकडा शेतकऱ्यांच्या सभांत पुन्हा ऐकू आला तर नवल नाही.

त्याआधी ऑक्टोबर २०२४च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी शेतीला असलेली वारसाकराची पूर्ण सूट दहा लाख पौंडांपर्यंत मर्यादित करायचं ठरवलं होतं. त्यावर वीस टक्के कर. ऐकायला मर्यादा मोठी वाटते, पण दोनशे एकर आणि एक घर यांची किंमत सहज वीस लाखांवर जाते, उत्पन्न मात्र एखाद्या शिक्षकाएवढंही नसतं. किंमत इतकी का? अनुदानाने जमीन चढली, आणि वारसाकर चुकवायला शहरी पैशाने जमीन घेतली म्हणून आणखी चढली. एका धोरणाने फुगवलेल्या किमतीवर दुसरं धोरण कर मागत होतं. १९ नोव्हेंबरला हजारो शेतकरी लंडनला आले, पुढे खेळण्यातल्या ट्रॅक्टरांवर त्यांची पोरं. तेरा महिने ट्रॅक्टर मोर्चे निघाले आणि डिसेंबर २०२५मध्ये मर्यादा पंचवीस लाखांवर नेली गेली. वेल्सने तर त्याआधीच आपलं आंदोलन करून दाखवलं होतं. अनुदान हवं तर शेताचा दहा टक्के भाग झाडांखाली हवा, या अटीविरुद्ध मार्च २०२४मध्ये कार्डिफच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर गमबुटांचे साडेपाच हजार जोड ओळीने मांडून ठेवले. एकेक जोड म्हणजे बुडणारी एकेक नोकरी. ती अट पुढे गळाली.

नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचं गाव आहे. एन्क्लोजरची लाट तिथे पूर्ण पोहोचलीच नाही. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन मोकळी रानं आजही आहेत, त्यांत आजही पट्ट्या आहेत, आणि दरसाल एक रान पाळीपाळीने विश्रांतीला. १९५२मध्ये कृषी मंत्रालयाने हे गाव विकत घेतलं. बाकी देशभर बांध उपटायला पैसे देणारं ते हेच मंत्रालय. इथे मात्र त्याने बांध नसणं जपलं. १९८१मध्ये ते राजघराण्याच्या मालमत्तेकडे गेलं, २०२०मध्ये एका इस्टेटीकडे. थंडीच्या तोंडावर गावातल्या शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच ट्रॉलीत बसून पेरलेल्या रानात फिरतात. कोणाचा नांगर वाटेत घुसला आहे, कोणी शेजाऱ्याची वीतभर पट्टी ढापली आहे, हे ते डोळ्यांनी बघतात, हातोड्याने नवी खुंटी ठोकतात आणि नाव लिहून घेतात. मग सगळे डव्हकोट इन नावाच्या पबमध्ये जेवायला जातात. ज्याचं नाव लिहिलं गेलं आहे तोही त्यांच्यातच असतो. पुढच्या आठवड्यात गावच्या न्यायसभेत त्याला चार-दोन पौंडांचा दंड होतो, आणि तो भरतो.